लालदिघी : एका चौकाचा आणि त्यातील पाण्याचा इतिहास

१७९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अपजॉनच्या कलकत्त्याच्या नकाशावर माणसांनी हातांनी खणलेल्या दोन जागा ठळकपणे दिसतात. एक शहराच्या उत्तरेकडून सुरू होऊन पूर्वेला वळसा घालणारी लांबट रेघ आहे. तिचे नाव मराठा डिच, म्हणजे मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक. दुसरा शहराच्या ऐन मध्यभागी असलेला चौकोनी तलाव आहे. इंग्रज त्याला ग्रेट टँक म्हणत आणि बंगाली लोक लालदिघी. नकाशा निघाल्यानंतर पाचच वर्षांनी, १७९९ मध्ये, खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्याचे काम सुरू झाले. तलाव मात्र आजही आहे. त्याच्या सभोवतालच्या चौकाने तीन शतकांत अनेक नावे घेतली आणि टाकली, त्याच्या काठावर स्मारके उभी राहिली आणि उखडली गेली, सत्ता आली आणि गेली, तरी पाणी आपल्या जागी राहिले. ते का राहिले, आणि ज्याला आज आपण ‘जतन’ म्हणतो त्याचा या टिकण्याशी कितपत संबंध आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठी वाचकाला खंदकाची कथा अधिक परिचयाची, म्हणून तिच्यापासून आरंभ करणे सोयीचे. १७४२ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या. बंगालच्या लोकस्मृतीत हे लोक ‘बर्गी’ या नावाने राहिले. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वाराला आपल्याकडे बारगीर म्हणत, त्याचाच हा अपभ्रंश. स्वतःचा घोडा बाळगणाऱ्या शिलेदाराहून त्याची प्रतिष्ठा कमी. पण बंगालच्या अंगाईगीतात मुलांना भिवविण्यासाठी आला तो बारगीरच. गंगाराम या बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त या स्वाऱ्यांचे समकालीन वर्णन आहे आणि ते वाचताना मराठी माणसाची मान खाली जावी असे बरेच काही त्यात आहे. या भीतीपोटी कलकत्त्याच्या रहिवाशांनी आपल्या खर्चाने शहराभोवती खंदक खणण्याची परवानगी मागितली. कंपनीच्या कौन्सिलने त्यासाठी पंचवीस हजार रुपयांची उचल दिली. योजना सात मैलांची होती. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले, मराठे आले नाहीत, आणि काम थांबले.

गंमत अशी की याच सुमारास, १७४३ मध्ये, बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे स्वतः बंगालमध्ये होते. रघूजींना आवर घालण्यासाठी अलिवर्दी खानाच्या साहाय्यास ते गेले होते. ज्या राजवटीच्या धास्तीने कलकत्त्यात माती उपसली जात होती, तिचाच प्रमुख पुढे कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळांनी पुण्याच्या हौदांपर्यंत आणणारा ठरला. कात्रजचे पाणी पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या प्याले. कलकत्त्याचा खंदक मात्र जन्मापासूनच निरुपयोगी होता. ज्या एकाच कामासाठी तो खणला ते काम त्याला कधी करावे लागले नाही. १७५६ मध्ये सिराजुद्दौल्याचे सैन्य शहरावर चालून आले तेव्हा या अर्धवट खंदकाने त्याला अडविले नाही. त्यानंतर तो कचरा आणि सांडपाणी साठण्याची जागा झाला. त्याची आठवण म्हणून कलकत्तेकर गोऱ्यांना मिळालेले ‘डिचर’ हे थट्टेचे नाव उरले आणि बागबाजारात मराठा डिच लेन नावाची एक गल्ली.

आता तलावाकडे वळू. ‘दिघी’ हा शब्द संस्कृत ‘दीर्घिका’ या शब्दावरून आला. लांबट, बांधीव जलाशय असा त्याचा अर्थ. मराठीत तळे, तलाव, पुष्करिणी, बारव असे शब्द असले तरी दिघीला नेमका प्रतिशब्द नाही, म्हणून मूळ शब्दच येथे ठेवला आहे. ‘लाल’ या विशेषणाच्या उपपत्ती अनेक आहेत. या परिसराचे जमीनदार सावर्ण रायचौधुरी यांची कचेरी येथे होती, तेथे होळीच्या, म्हणजे दोलयात्रेच्या, रंगाने पाणी लाल होई, अशी एक कथा. जुन्या किल्ल्याच्या तांबड्या भिंतींचे प्रतिबिंब पाण्यात पडे, अशी दुसरी. तलाव खणविणाऱ्या कोणा लालनामक गृहस्थावरून नाव पडले, अशी तिसरी. यांपैकी कोणती खरी हे ठरविण्याचा खटाटोप प्रस्तुत लेखक करणार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या कथेत एक गोष्ट समान आहे आणि ती महत्त्वाची आहे : तलावाचे मूळ त्या इंग्रजांच्या आधीच्या किंवा इंग्रजांव्यतिरिक्त कोणाकडे तरी नेतात.

ईस्ट इंडिया कंपनीने १६९८ मध्ये सुतानुटी, कालिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे जमीनदारी हक्क रायचौधुरींकडून विकत घेतले. त्याआधी दोन वर्षे, १६९६ मध्ये, हुगळीच्या काठी किल्ला बांधण्यास आरंभ झाला होता. किल्ल्याची मागची बाजू नदीकडे आणि पुढची बाजू या तळ्याकडे. १७०९ मध्ये तळे खोल आणि रुंद करण्यात आले. किल्ल्यातील शिबंदीला आणि गोऱ्या वस्तीला गोडे पाणी मिळावे हा हेतू. हुगळीचे पाणी भरतीच्या वेळी मचूळ होई आणि पावसाळ्यात गढूळ, म्हणून गोड्या पाण्याचा बंदिस्त साठा ही चैन नसून गरज होती. किल्ल्यासमोरचे हिरवळीचे मैदान आणि त्यात तळे, असे या जागेचे रूप तेव्हापासून ठरले. मुंबईतही किल्ल्याच्या आत अशीच एक हिरवळ होती, तिला बॉम्बे ग्रीन म्हणत. तिचे पुढे एल्फिन्स्टन सर्कल आणि स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल झाले. दोन्ही शहरांचा उगम एकाच व्यापारी कंपनीत असल्याने हे साम्य स्वाभाविक आहे. फरक एवढाच की मुंबईच्या हिरवळीवर पाणी नव्हते.

१७७० च्या सुमारास बंगालमध्ये आलेला डच दर्यावर्दी स्टॅव्होरिनस याने या तलावाविषयी एक बारीकशी नोंद केली आहे. तलावाभोवती कठडा होता. त्यात कोणालाही अंग धुण्याची मुभा नव्हती, पण पाणी भरून नेण्याची मुभा सर्वांना होती, असे तो सांगतो. या लेखाच्या दृष्टीने ही नोंद कोणत्याही कोनशिलेपेक्षा मोलाची वाटते. पाण्याच्या मालकीविषयी तिच्यात काही नाही, वापराविषयी आहे. आणि तो वापरही मर्यादेने बांधलेला. आपल्याकडे गावच्या पिण्याच्या विहिरीवर कपडे धुऊ नयेत, गुरे आणू नयेत, असे दंडक असत, त्याच जातीचा हा नियम. अर्थात आपल्या विहिरींवरील दंडकांत जातिभेदाचे विष मिसळलेले होते हे विसरता येत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये जे घडले ते ‘सर्वांना मुभा’ या दोन शब्दांसाठीच. लालदिघीच्या काठी तो प्रश्न वेगळ्या रूपात होता. पाणी भरणारा भिस्ती आणि ते पिणारा साहेब यांच्यात अंतर होतेच, पण भिस्त्याच्या पखालीवाचून साहेबाचे घर चालत नव्हते. किल्ल्याच्या आणि कंपनीच्या कोठ्यांच्या जागी कोणी मोकळी जमीन रिकामी ठेवली नसती. ती रिकामी राहिली, कारण तिच्या मध्यभागी असलेल्या पाण्याची रोज गरज पडत होती.

१७५६ च्या लढाईनंतर किल्ला दक्षिणेकडे गोविंदपूरला हलला. नव्या किल्ल्याभोवती तोफांच्या माऱ्यासाठी जे रान मोकळे केले तेच आजचे मैदान. जुना किल्ला कस्टम हाऊस म्हणून काही काळ वापरात राहिला आणि १८१९ मध्ये पाडला गेला. पुढे त्याच्या जागेच्या एका भागावर वॉल्टर ग्रॅनव्हिलने रचलेले जनरल पोस्ट ऑफिस उभे राहिले, ते १८६८ मध्ये सुरू झाले. तलावाच्या उत्तरेला कंपनीच्या कारकुनांसाठी, म्हणजे ‘रायटर’ लोकांसाठी, टॉमस लायनने १७७७ पासून बांधलेली लांबलचक इमारत होती, तीच रायटर्स बिल्डिंग. किल्ला गेला, तरी किल्ल्यासमोरची हिरवळ आणि पाणी राहिले, आणि आता ते कचेऱ्यांसमोरचे झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रचनेची शहराने नक्कल केली. १८१७ मध्ये स्थापन झालेल्या लॉटरी कमिटीने सोडतीच्या पैशातून उत्तर-दक्षिण रस्ते काढले आणि त्या रस्त्यांच्या कडेने चौक पाडले. कॉर्नवालिस स्क्वेअर, कॉलेज स्क्वेअर, वेलिंग्टन स्क्वेअर ही त्यांतली ठळक नावे. प्रत्येक चौकाच्या मध्यभागी तलाव, भोवती कठडा, कठड्याबाहेर रस्ता. जुगाराच्या पैशातून नगररचना झाली याचे आज नवल वाटते, परंतु त्या पैशाने कलकत्त्याला जे दिले ते नंतरच्या अनेक नियोजन मंडळांना जमले नाही. लालदिघीचा चौक हा या सगळ्यांचा पूर्वज. बंगाली माणसाने त्यांतील कॉलेज स्क्वेअरला आपले म्हणून ‘गोलदिघी’ हे नाव दिले, त्यातही दिघीच राहिली.

१८७० मध्ये कलकत्त्याच्या उत्तरेस पलता येथून गाळलेले नळाचे पाणी शहरात आले. आरोग्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. पण शहरातील तलावांच्या दृष्टीने तो एक प्रकारचा सेवानिवृत्तीचा हुकूम होता. वेलिंग्टन स्क्वेअरमधल्या तलावाची जागा याच योजनेतील जमिनीखालच्या बांधीव टाकीने घेतली. पिण्यासाठी पाणी नको, तर मग तलाव कशासाठी, हा प्रश्न प्रथमच उभा राहिला. साथी आणि हिवताप यांच्या नव्या शास्त्राने त्यात भर घातली. साठलेले पाणी म्हणजे डासांचे घर असे म्हटले जाऊ लागले, आणि ते खोटे नव्हते.

याच प्रश्नाला मुंबईने दिलेले उत्तर मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. विहारचे पाणी १८६० मध्ये मुंबईत आले आणि पुढच्या काही दशकांत शहरातील तलाव एकामागून एक बुजविण्यात आले. धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक, दोन टाकी ही नावे मुंबईकर आजही रोज घेतो, पण त्यांतल्या एकाही जागी तलाव नाही. गवालिया टँकच्या जागी झालेल्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला. राष्ट्राच्या इतिहासाने त्या जागेचे मोल वाढविले, पाणी मात्र गेले ते गेलेच. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव राहिला तो काठच्या देवळांमुळे आणि तेथे रोज होणाऱ्या धार्मिक विधींमुळे. मुंबईत तलाव गेले आणि नावे राहिली. लालदिघीच्या चौकात नेमके उलट घडले. तेथे पाणी राहिले, आणि नावे बदलत गेली.

या नावांची आणि दगडांची हकिकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण जतनाच्या प्रश्नाची गुंतागुंत तिच्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टँक स्क्वेअरचे डलहौसी स्क्वेअर झाले. लॉर्ड डलहौसी १८४८ ते १८५६ या काळात गव्हर्नर जनरल होता. मराठी माणसाला हे नाव वाचताना सातारा, झाशी आणि नागपूर आठवल्यावाचून राहत नाही. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या वाड्यातील जडजवाहीर याच कलकत्त्याच्या बाजारात लिलावाने विकले गेले. ज्या नागपूरकरांच्या भीतीने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्याने खंदक खणला, त्यांचे अलंकार आता या चौकापासून हाकेच्या अंतरावर बोलीने विकले जात होते, आणि चौकाला नाव मिळाले ते हे राज्य बुडविणाऱ्याचे. न्यायाने हेही म्हटले पाहिजे की टपाल, तारायंत्र आणि सार्वजनिक बांधकाम ही तीन खाती डलहौसीच्या काळात आकाराला आली, आणि पोस्ट ऑफिस व तार कचेरी ज्याच्या काठी आहेत त्या चौकाला त्याचे नाव अगदीच विसंगत नव्हते.

दुसरी हकिकत हॉलवेलच्या स्तंभाची. जॉन झेफनाया हॉलवेल हा १७५६ च्या ‘ब्लॅक होल’ प्रकरणाचा मुख्य साक्षीदार. एकशे सेहेचाळीस जण एका कोठडीत कोंडले गेले, त्यांतील एकशे तेवीस एका रात्रीत मेले, असे त्याने लिहिले. मराठ्यांच्या स्वाऱ्यांविषयी इंग्रजीत भडक वर्णने लिहिणाराही हाच हॉलवेल, हे ध्यानात ठेवावे. १७६० मध्ये त्याने चौकाच्या वायव्य कोपऱ्याजवळ मृतांचा स्मारकस्तंभ उभारला. तो जीर्ण होत गेला आणि १८२१ मध्ये इंग्रजांनीच काढून टाकला. ऐंशी वर्षे त्याची कोणाला उणीव भासली नाही. मग लॉर्ड कर्झनला भासली. त्याने संगमरवरात त्याची प्रतिकृती करवून १९०२ मध्ये त्याच परिसरात बसविली. तोवर अक्षयकुमार मैत्रेय यांनी ‘सिराजुद्दौला’ या बंगाली ग्रंथात हॉलवेलच्या कथेची चिरफाड केली होती. १९१५ मध्ये जे. एच. लिटल या इंग्रज अभ्यासकानेच तिच्यावर आणखी घाव घातला. पुढील संशोधकांनी मृतांचा आकडा बराच खाली आणला. म्हणजे स्तंभ जेव्हा पक्का झाला तेव्हा त्यावरची कथा कच्ची ठरत होती. जुलै १९४० मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी स्तंभ हटविण्यासाठी आंदोलन पुकारले. हिंदू आणि मुसलमान तरुण त्यात एकत्र आले. आंदोलनाच्या पूर्वदिनी सुभाषबाबूंना अटक झाली, पण सरकारला स्तंभ हलवावा लागला. तो तोडला गेला नाही. जवळच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात नेऊन ठेवला गेला आणि आजही तेथे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या चौकाच्या इतिहासातील जतनाचा हा सर्वांत शहाणा निर्णय होता. सार्वजनिक जागेवरून दावा उठला आणि पुरावा मात्र शिल्लक राहिला.

मधल्या काळात चौक रक्तानेही लाल झाला. २५ ऑगस्ट १९३० रोजी पोलीस आयुक्त चार्ल्स टेगार्टच्या मोटारीवर डलहौसी स्क्वेअरमध्ये बाँब टाकण्यात आले. त्या प्रयत्नात अनुजाचरण सेन यांचा मृत्यू झाला. ८ डिसेंबर रोजी बिनय बसू, बादल गुप्ता आणि दिनेश गुप्ता हे तिघे रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरले आणि तुरुंग खात्याचा मुख्य अधिकारी कर्नल सिम्प्सन याला त्यांनी ठार केले. बादलने तेथेच विष घेतले, बिनय पाच दिवसांनी इस्पितळात गेले, दिनेश ७ जुलै १९३१ रोजी फासावर गेले. स्वातंत्र्यानंतर चौकाला या तिघांचे नाव मिळाले आणि डलहौसी स्क्वेअरचे बिनय-बादल-दिनेश बाग झाले. लोकांनी ते बी-बा-दी बाग असे आटोपशीर केले. याच उलथापालथीचे दुसरे टोक मराठ्यांच्या स्मृतीत दिसते. देवघरजवळ जन्मलेले आणि बंगालीत लिहिणारे मराठी लेखक सखाराम गणेश देऊस्कर यांच्या प्रयत्नाने १९०२ मध्ये कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. जून १९०६ मध्ये टिळक त्यासाठी तेथे गेले. ज्या शहरात मुलांना बर्गीचे भय घातले जाई, त्या शहराने शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. स्मृती इतकी चंचल असते. तिच्या आधारावर एखादी मोकळी जागा तीनशे वर्षे टिकेल अशी अपेक्षा करणे धोक्याचे आहे.

कारण स्मारकांची ये-जा चालू असताना चौकाची जमीन कडेने कुरतडली जात होती, आणि तिकडे फारसे लक्ष नव्हते. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती याच चौकावरून गेली. पुढे विजेच्या ट्रामचे रूळ तलावाला वेढा घालून बसले. दक्षिणेला डलहौसी इन्स्टिट्यूट उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर ती पाडून टेलिफोन भवन बांधले गेले. जुन्या इमारतीची उंची चौकाला साजेशी होती, नव्या इमारतीला चौकाकडे पाहण्याची गरजच वाटलेली दिसत नाही. मग मिनीबसचा तळ आला, मोटारी उभ्या करण्याच्या जागा आल्या. यांतील प्रत्येक गोष्ट लोकांच्या सोयीची होती, आणि एकाही वेळी तलाव नष्ट करावा असे कोणी म्हटले नाही. फक्त तलावाच्या भोवतीची जमीन ही उरलेली, म्हणून वापरता येण्याजोगी जमीन आहे, असे सर्वांनी गृहीत धरले.

कलकत्त्यात वास्तुजतनाची जाणीव तीव्र झाली ती मोठ्या हानीनंतर. गोलदिघीसमोरचे विद्यापीठाचे सेनेट हाऊस १९६० मध्ये पाडले गेले, ते शहर आजही विसरलेले नाही. लालदिघीच्या पूर्व काठावरील करन्सी बिल्डिंगची कथा याहून बोलकी आहे. १८३३ मधील ही इमारत आधी आग्रा बँकेची होती, १८६८ पासून सरकारी चलन कचेरीची. १९९० च्या दशकात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने ती पाडण्यास घेतली. हा विभाग आपली परंपरा डलहौसीच्या १८५४ मधील स्थापनेपर्यंत नेतो, हा योगायोग नमूद करण्याजोगा. महानगरपालिका आणि इन्टॅक यांच्या विरोधाने पाडकाम थांबले, तोपर्यंत मधला घुमट गेलेला होता. पुढे इमारत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. सर्वेक्षणाने हरवलेला घुमट नव्याने रचण्याचा मोह टाळला. मधला चौक आभाळाला उघडा ठेवून उरलेले सांभाळले, आणि जानेवारी २०२० मध्ये इमारत संग्रहालयाच्या रूपाने खुली झाली. जखम दिसू देणारे हे जतन अधिक प्रामाणिक वाटते.

२००१ मध्ये पश्चिम बंगालने वारसा आयोगाचा कायदा केला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २००४ आणि २००६ च्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत डलहौसी स्क्वेअरचा समावेश केला. या यादीने एक महत्त्वाची गोष्ट साधली : सुट्या इमारतींऐवजी संपूर्ण चौक हा जतनाचा विषय मानला गेला. तरीही व्यवहारात जतनाची भाषा इमारतींचीच राहिली. श्रेणी इमारतीला मिळते. तिला वास्तुकार असतो, शैली असते, बांधकामाचे साल असते. पाण्याला यांपैकी काही नसते. लालदिघीच्या पाण्याला थेट लागू पडणारा कठोर नियम शोधू गेल्यास तो वारशाच्या कायद्यात नव्हे, मासळीच्या कायद्यात सापडतो. पश्चिम बंगालच्या अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय अधिनियमात १९९३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पाच कठ्ठे, म्हणजे ०.०३५ हेक्टर, किंवा त्याहून मोठा जलाशय बुजविण्यास मनाई केली. मासळी हे बंगाली जेवणाचे मर्म असल्याने तेथे हा कायदा झाला असे विनोदाने म्हणता येईल, पण त्यामागचे तत्त्व गंभीर आहे. १७७० चा कठड्याचा नियम आणि १९९३ चा मत्स्यव्यवसायाचा नियम दोन्ही पाण्याकडे उपयोगाची वस्तू म्हणून पाहतात. मधल्या सगळ्या काळात चौकाला जी भव्य नावे मिळाली त्यांनी पाण्याकडे पाहिलेच नाही.

याची परीक्षा अलीकडे पूर्व-पश्चिम मेट्रोच्या निमित्ताने झाली. हावड्याहून हुगळीच्या पात्राखालून येणारी ही मार्गिका या चौकाखालून जाते आणि तिचे एक स्थानक चौकातच आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामास मनाई करणारी २०१० ची कायद्यातील दुरुस्ती करन्सी बिल्डिंगमुळे आणि जवळच्या दोन यहुदी प्रार्थनास्थळांमुळे आडवी आली. २०१७ मध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी मिळाल्यावरच बोगदा पुढे गेला. इमारतींना तडे जाऊ नयेत म्हणून अभियंत्यांनी बरीच काळजी घेतली, ती योग्यच होती. पण या साऱ्या चर्चेत अंतर मोजले गेले ते भिंतींपासून. त्या भिंतींच्या मधोमध असलेल्या, त्या सर्वांहून जुन्या तलावाच्या काठापासून शंभर मीटर मोजण्याची तरतूद कायद्यात नाही. तलावाच्या जमिनीखालील झऱ्यांचे, भूजलाच्या पातळीचे, काठच्या मातीचे जतन हा स्वतंत्र विषय आहे आणि तो पुरातत्त्वाइतकाच जलशास्त्राचाही आहे, हे अजून आपल्या वारसाविषयक लेखनात पुरेसे उतरलेले नाही. पुण्याच्या कात्रज नळाचा किंवा औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नहर-ए-अंबरीचा अभ्यास करणाऱ्यांना ही उणीव ओळखीची वाटेल. तेथेही आपण उच्छ्वास, हौद, पाणचक्की यांची छायाचित्रे जपतो आणि पाणी वाहण्याचा मार्ग नव्या घरांच्या पायाखाली जाऊ देतो.

६ मार्च २०२४ रोजी हावडा मैदान ते एस्प्लनेड हा मेट्रोचा टप्पा उद्‌घाटित झाला. चौकातील स्थानकाला नाव मिळाले ते ‘महाकरण’, म्हणजे रायटर्स बिल्डिंगचे बंगाली नाव. राज्य सरकारचे मुख्य कामकाज मात्र दुरुस्तीच्या कारणाने ऑक्टोबर २०१३ मध्येच तेथून हावड्याच्या नबान्न इमारतीत हलले होते. स्थानकातून वर आल्यावर उत्तरेला ती लांब तांबडी इमारत दिसते आणि तिच्यासमोर तीन क्रांतिकारकांचे पुतळे. पोस्ट ऑफिसच्या बाजूला, जुन्या किल्ल्याची हद्द कोठे होती हे दाखविणाऱ्या पितळी पट्ट्या पायऱ्यांवर बसविलेल्या आहेत. आणि मध्ये, कठड्याच्या आत, १७०९ मध्ये खोल केलेले पाणी आहे.